दोनशे मीटरचा शेजार

माझी सगळी नोकरी दोन रेषांवर झाली. एक डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी, ती मागणी. दुसरी चढत जाणारी, तो पुरवठा. दोघी जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडूने ठसठशीत टिंब द्यायचं, वर्गाकडे वळून 'हा समतोल' असं म्हणायचं आणि हात झटकायचे. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. निरोप समारंभात माझ्या ज्ञानदानाबद्दल लोक बरंच बोलले. घरी येऊन कोट काढला तर उजव्या खिशातून मूठभर पांढरी भुकटी निघाली. बायको म्हणाली, "एवढं शिकवून हेच उरलं का?" मी म्हणालो, जवळपास.

फौजदाराला, डॉक्टरला, वकिलाला आपल्या नोकरीतलं सांगण्यासारखं पुष्कळ असतं. अर्थशास्त्राच्या मास्तराकडे काय असणार? त्याच्याकडे कोणी रडत येत नाही, हसत तर त्याहून नाही. पण अभ्यासक्रमातलं एक प्रकरण असं आहे, की ते शिकवताना माझी चांगली फजिती झाली, आणि ज्या बाईंनी मला ते प्रकरण खऱ्या अर्थाने समजावलं त्यांना सही करता येत नव्हती. त्यांच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं राहून गेलं होतं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला मी गंगाखेडला नोकरीला लागलो. कॉलेज नवंकोरं होतं, म्हणजे नाव नवं होतं. वर्ग एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरायचे आणि वाऱ्यावर अजून सरकी-कापसाची कूस उडायची. वर्ग सकाळी साडेसातला. समोर शेतकऱ्यांची पोरं, एक-दोन तलाठी, तीन-चार प्राथमिक शिक्षक. पहिल्या वर्षाला शेवटून दुसरं प्रकरण होतं 'बाजाराचे अपयश'. परीक्षेत त्यावर हमखास एक प्रश्न पडायचा, म्हणून पोरं ते समजून न घेता पाठ करून टाकायची.

बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. बाजाराचं म्हणणं असं, की घेणारा आणि देणारा राजी असले की संपलं, तिसऱ्याने मध्ये पडायचं कारण नाही. पण कधी कधी त्या दोघांच्या राजीखुशीचा त्रास तिसऱ्यालाच होतो, ज्याला कोणी विचारलेलंच नसतं. कधी त्याला फुकटचा फायदाही होतो. याला पुस्तकात 'बाह्य परिणाम' म्हणतात. भावात तो धरलेला नसतो, म्हणून भाव चुकतो, आणि भाव चुकला की बाजार चुकतो. पुस्तकातलं उदाहरण ठरलेलं: कारखान्याचं धुराडं आणि शेजारची लाँड्री. धुराने धुतलेले कपडे काळे होतात, कारखानदाराला त्याचं काहीच वाटत नाही. मी हे रंगवून सांगितलं, तर एका पोराने हात वर केला. "सर, एवढी गोदावरी वाहायलीय, त्यानं कपडे तिकडं वाळू घालावेत की." वर्ग हसला. कारखान्याचं धुराडं त्यातल्या निम्म्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मग मी गावातलं उदाहरण शोधलं. एसटी स्टँडसमोर रशीदभाईंचं हॉटेल होतं. भट्टी रस्त्याच्या कडेला आणि धूर सरळ समोरच्या कापडाच्या दुकानात. मी वर्गात ते सांगून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी रशीदभाई खांद्यावर टॉवेल टाकून गोदामाच्या दारात हजर.

"सर, मेरी भट्टी तुमारे कॉलेज में क्या कर रई? पोट्टे चाय पीने आते और बोलते, रशीदभाई, तुम बाह्य परिणाम हो. मेरे कू गाली समज में नई आई, लेकिन लगी जरूर."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "धुआँ जाता, बराबर. लेकिन चाय के वास्ते आदमी रुकता, रुकता तो सामने कपडा देखता, देखता तो लेता. उसका कुछ नई लिखा किताब में?"

ते पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. फायद्याचा बाह्य परिणाम. दुसऱ्या दिवशी ते पान मी रशीदभाईंच्या नावावर शिकवलं. पुढे त्यांनी भट्टीवर पत्र्याचं धुराडं बसवलं. पत्रा समोरच्या कापडवाल्याने दिला. मला वाटलं, हे प्रकरण आपल्याला जमलं. माणसाला असं वाटायला लागलं की त्याचे ग्रह फिरलेच म्हणून समजा.

त्या वर्गात शेवटच्या बाकावर भीमराव वाव्हळे बसायचे. पालमकडच्या रस्त्यावर सावरखेडी म्हणून लहानसं गाव आहे, तिथे ते प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. कॉलेज करून सायकलने शाळा गाठायचे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अहो म्हणायचो आणि ते मला सर म्हणायचे. कमी बोलणारा माणूस. जूनमध्ये मृग निघाला तेव्हा एक दिवस ते माझ्या खोलीवर आले आणि सायकल भिंतीला टेकवतानाच म्हणाले, "सर, तुमचा धूर आमच्या वावरात आलाय."

झालं होतं असं. सावरखेडीचे पाटील माणिकराव यांनी त्या भागात पहिल्यांदाच हायब्रीड ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट घ्यायचं ठरवलं होतं, चांगला पाच एकरांचा. हे बियाणं कसं तयार होतं ते मलाही तेव्हाच कळलं. ज्वारीचे दोन वाण शेजारी शेजारी लावतात. चार ओळी मादीच्या, दोन ओळी नराच्या, पुन्हा चार, पुन्हा दोन. मादीच्या कणसाला स्वतःचा पराग नसतो, नराचा वाऱ्याने येऊन बसतो, आणि मादीवर जो दाणा भरतो ते हायब्रीडचं बी. अडचण एवढीच, की वाऱ्याला नर ओळखता येत नाही. शेजारच्या वावरात दुसरी कोणती ज्वारी असली तर तिचाही पराग तो उचलून आणतो आणि बी बिघडतं. म्हणून नियम असा, की प्लॉटच्या चारी बाजूंना दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको. शेती खात्याचा माणूस येऊन तपासायचा आणि ज्वारी दिसली तर सगळा प्लॉट बाद करायचा.

आणि त्या दोनशे मीटरच्या आत भीमरावांच्या आईचं, धुरपताबाईंचं, दोन एकर रान होतं. दरसाल ज्वारीचं.

भीमरावांचा पगार धाकट्या भावंडांच्या शिक्षणात जायचा, घरची भाकरी त्या दोन एकरांतून यायची. आणि भाकरीपेक्षाही कडबा. बहात्तरच्या दुष्काळात धुरपताबाईंनी आपली बैलजोडी लिंबाचा पाला आणि छपरावरचं जुनं गवत घालून जगवली होती. तरी त्यातला एक बैल एका दुपारी बसला तो उठला नाही. त्यानंतर दोन पावसाळे झाले होते, दुसरा बैल घेऊन जोडी पुन्हा पुरी केली होती, आणि घरात कडब्याची गंजी नाही असं वर्ष पुन्हा काढायचं नाही हे त्या बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

"पाटील काय म्हणतात?" मी विचारलं.

"आधी म्हणले, तूर पेरा. माय म्हणली, तुरीचा कडबा व्हतो का? मग म्हणले, तुमच्या वावराची वाट माझ्या वावरातून जाती, ध्यानात ठिवा."

म्हणजे ज्वारी पेरली तर वाट बंद, आणि नाही पेरली तर बैल उपाशी. भीमरावांचा चेहरा उतरला होता. मी मात्र, खरं सांगायचं तर, खूश झालो. पुस्तकातलं उदाहरण चालत घरी आलं होतं. मी त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढले आणि म्हणालो, "धूर कोणाचा हे आधी ठरवा. तुमची ज्वारी तिथे पिढ्यांपासून आहे, प्लॉट नवा आहे. तेव्हा हक्क तुमचा. पाटलांना तुमची ज्वारी नको असेल तर त्यांनी तुमचं नुकसान भरून द्यावं. दोघांनी बसून ठरवावं, बाजार आपोआप सुधारतो." भीमरावांनी पानाची जपून घडी घातली आणि ते गेले.

पंधरा दिवसांत माणिकराव पाटील कॉलेजात आले. उंच माणूस, पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज वावरातला. मी फळ्यावर रेषा काढत होतो. दारातूनच म्हणाले, "धूर-धूर शिकवणारे मास्तर तुमीच का?"

मी बाहेर आलो.

"माझ्या प्लाटाच्या कडंनं सात जण हायत. धुरपता सोडली तर बाकीचे सहा दरसाल कापूस न्हाई तर तूर लावायलेत. गुरुजीनं तुमचा कागद गावात वाचून दावला. परवापासून सहाच्या सहा म्हणायलेत, पाटील, औंदा आमी बी ज्वारी पेरायलाव. कामुन म्हणलं, तर म्हणतेत, नुकसानी द्या, मग न्हाई पेरत. त्यातला एक तर माझा सख्खा मेव्हणा हाय! हे तुमचं शास्त्र का?"

न पेरण्याची भरपाई मिळते म्हटल्यावर न पेरणारेही पेरणारे होतील, ही साधी गोष्ट माझ्या चौकोनांत कुठे नव्हती. मी पाटलांना म्हणालो, रविवारी येतो, बसून बोलू. ते जाताना वळून म्हणाले, "या. पर आता आनखी काई शिकवू नका."

रविवारी मी एसटीने गेलो. बैठक मारुतीच्या पारावर ठेवायची असं पाटलांच्या मनात होतं. धुरपताबाईंनी निरोप दिला, बोलायचं तर धुऱ्यावर या. धुरा म्हणजे बांध, दोन वावरांच्या मधली उंच पट्टी. तिथे एका बाभळीखाली सगळे जमले: पाटील, ते सहा जण, भीमराव, योगायोगाने प्लॉटची जागा पाहायला आलेले खात्याचे तपासणी साहेब, आणि मी. धुरपताबाई आपल्या बाजूच्या मातीत बसल्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर गोंदण, डोळे बारीक करून समोरच्याकडे बघायची सवय. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, की समाजाचं एकूण हित पाहता...

"मास्तर, तुमी जरा बसा," त्या म्हणाल्या. मी बसलो. मग त्या साहेबांकडे वळल्या.

"साहेब, ज्वारीचं नेमकं काय नको तुमाला? झाड का कनीस?"

साहेब म्हणाले, "कणीस. म्हणजे कणसाला फुलोरा येतो, त्याचा पराग."

"मंग निसवायच्या आत कापली तर?"

"कणीस बाहेर पडायच्या आत? मग काहीच हरकत नाही."

"तर मी कडवळ पेरते. दाट. पोटऱ्यात आली का समदी कापते. कोवळी ज्वारी बैलाला बाधती, उघडीप बघून सुकवीन अन् गंजी घालीन. वावर लवकर मोकळं व्हतंय, त्याच वलीवर करडी पेरीन."

कडवळ म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. कणीस पोटात असतानाच ती कापायची. मी त्या दिवसापर्यंत ज्वारी ही एकच वस्तू समजत होतो. धुरपताबाईंनी बसल्या जागी तिचे दोन भाग केले, चारा वेगळा आणि दाणा वेगळा, आणि कोणता भाग शेजाऱ्याला नडतो ते विचारून घेतलं. अर्थशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला नव्हता याची मला आजही लाज वाटते.

"अन् खायाचं काय गं, धुरपते?" पाटील म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा कुतूहल आलं होतं.

"तेच इचारते. साहेब, नराच्या ओळीची ज्वारी बियाला चालती का?"

"नाही. ती वेगळी काढून खायला वापरायची."

"मंग ती मला. पाच एकरातली नराची म्हंजे माझ्या दोन एकराएवढीच भरती. अन् वाटेचं नाव काढायचं न्हाई."

पाटलांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. गावातला बाजार एवढ्यावर मिटला असता. पण धुरपताबाई उठून उभ्या राहिल्या.

"आनखी एक. मी तुमच्या दारात ज्वारी न्यायला यायची न्हाई. हित्तं, धुऱ्यावर आणून घालायची. माझ्या पायलीनं मापून घेईन."

मला समजायला क्षणभर लागलं. पूर्वी खळं झालं की त्यांच्या वस्तीतल्या बायका पाटलांच्या दारात पदर पसरून उभ्या राहायच्या आणि जे पदरात पडेल ते घेऊन यायच्या. छप्पन साली धम्म घेतल्यापासून त्यांनी ते सोडलं होतं. नवा व्यवहार जुन्या पदरात पडू द्यायचा नाही एवढीच त्यांची अट होती. त्या सहांपैकी एक जण कुजबुजला, "पाटलानं धुऱ्यावर आणायचं?" पाटलांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "बरं. धुऱ्यावर."

मग धुरपताबाईंनी त्या सहा जणांकडे मोहरा वळवला. "अन् तुमी? पेरा की ज्वारी. कापूस सोडून पेरायलात म्हणता. बियानं कुनी आणलंय दावा बरं."

कोणीच आणलं नव्हतं. आधी पाटलांचा मेव्हणाच हसला, मग बाकीचे हसले. अर्थशास्त्रातली माझी सहा नवी उदाहरणं तिथेच मोडीत निघाली.

मी कागद काढला. म्हटलं, ठरलं ते लिहून ठेवू. धुरपताबाई म्हणाल्या, "लिवा. पर कडवळ कापायचा दिस कसा लिवताल? ते झाडाला इचारून ठरतंय." कागद लिहिला, पण तो दिवस कोराच राहिला. पाटलांचं सगळं बियाणं त्या एका कोऱ्या जागेवर अवलंबून होतं. बाईंनी चार दिवस उशीर केला असता तर पाच एकर मातीमोल झाले असते. आणि पाटलांनी नराची ज्वारी दिली नसती तर बाईंना विचारायला दुसरं दार नव्हतं.

प्लॉट उगवला. त्यात वेगळी दिसणारी झाडं उपटून टाकायचं काम रोज असायचं, आणि त्यासाठी पाटलांनी मजुरीवर धुरपताबाईंनाच बोलावलं, कारण त्यांच्याइतकी नजर गावात कोणाची नव्हती. मीही दोन-तीन रविवार गेलो. मला सगळी झाडं सारखीच दिसायची. बाई ओळीतून चालता चालता एखादं झाड धरून मुळासकट काढायच्या. "हे ह्यातलं न्हाई." कशावरून, असं विचारलं तर म्हणायच्या, "बगा की, पान कसं धरलंय त्यानं." मी बघायचो. पान पानासारखंच असायचं. श्रावण निम्मा झाला तसं त्यांचं कडवळ पोटऱ्यात आलं, आणि एका सकाळी पाटील उठून पाहतात तर दोन एकर रान स्वच्छ कापलेलं. साहेबांनी येऊन पाहणी केली आणि शेरा चांगला दिला.

धुरपताबाईंचा शब्द तिथे पुरा झाला होता. पुढचं त्यांच्या अंगावर नव्हतं.

पोळ्याला पाटलांनी मला जेवायला बोलावलं. मी दुपारी पोचलो तर ते घरी नव्हते, नवं धोतर नेसून प्लॉटच्या कडेला उभे होते. चेहरा पडलेला. दोन दिवस पावसाने कोणाला वावरात पाय ठेवू दिला नव्हता. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि मादीच्या ओळींत मधूनमधून काही झाडांच्या कणसांवर पिवळी धूळ दिसू लागली. मादीला पराग नसायला हवा, पण थोडी झाडं फितूर निघतातच. ती सकाळच्या सकाळी उपटावी लागतात. उशीर झाला तर वाऱ्याने तो पराग सगळीकडे जातो.

"मग उपटा की," मी म्हणालो.

"आज पोळा हाय मास्तर. आज जू उतरतंय. आजच्या दिशी माझ्या बापानं मातीला हात लावला न्हाई, मी बी न्हाई लावत."

"कोणाला तरी सांगा."

"जे काम मी करत न्हाई ते दुसऱ्याला सांगू? पाप मग कुनाच्या डोक्यावर?" ते म्हणाले आणि पुन्हा त्या पिवळ्या कणसांकडे बघत राहिले. हा माणूस वाट बंद करीन म्हणणारा होता हे मला त्या क्षणी खरं वाटेना.

तेवढ्यात धुऱ्यावरून धुरपताबाई आल्या. मागे वस्तीतल्या चार बायका आणि भीमराव. त्यांची बैलजोडी मागे लिंबाखाली बांधलेली दिसत होती, धुतलेली, शिंगं रंगवलेली, समोर हिरवं गवत. पाटलांनी त्यांना पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "धुरपता, मी सांगितलं न्हाई हं."

"मी बी इचारलं न्हाई," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून ओळीत शिरल्या.

"अगं, पण आज सण..."

"सण बैलाचा हाय. बैल बसलेत. आमी बैल हाव का? आमी आवस बी न्हाई पाळत आता."

त्या पाचही बायका आणि भीमराव दिवस मावळेपर्यंत त्या पाच एकरांत ओळ न् ओळ फिरले. उपटलेली झाडं धुऱ्यापलीकडे नेऊन टाकत होते. गावात बैलांची मिरवणूक निघाली, वाजंत्री ऐकू येत होती. पाटील मिरवणुकीला गेले, पुढे होऊन मानाचा बैल धरला आणि पुन्हा धुऱ्यावर येऊन उभे राहिले. मी जेवलोच नाही. बायका परत निघाल्या तेव्हा मी धुरपताबाईंना विचारलं, हे तुम्ही का केलं? ठरलेलं तर केव्हाच झालं होतं.

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "डोळ्यादेखत पाच एकर नासायलं मास्तर. बघत कसं बसावं?"

परतीच्या गाडीत मी हे कोणत्या प्रकरणात घालावं याचा विचार करत होतो. फायद्याचा बाह्य परिणाम म्हणावा, तर तो नकळत होतो, आणि बाईंनी हे कळूनसवरून केलं होतं. मला त्या बाईंचा विलक्षण आदर वाटला आणि आपण शिकवतो ते फार थोडं आहे हेही जाणवलं. पण इथेच एक कबुली देतो. पुढची इतकी वर्षं मी वर्गात हे कधी सांगितलं नाही. परीक्षेत धुराडं आणि लाँड्री यायची, म्हणून मी धुराडं आणि लाँड्रीच सांगत राहिलो. भीमरावांनी त्या वर्षीच्या पेपरात सावरखेडीचं उदाहरण लिहिलं होतं. मार्क मिळाले नाहीत. मी त्यांना म्हणालो, पुस्तकातलं लिहायचं होतं. हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

कापणीच्या वेळी पावसाने दगा दिला. नराची कणसं आधी काढून खळ्यावर ढीग घातला होता, त्यावर तीन दिवस पाणी पडलं आणि सगळा दाणा काळा पडला. मादीच्या ओळी उभ्या होत्या, त्या उन्हाने सावरल्या. म्हणजे पाटलांचं बियाणं पास झालं आणि धुरपताबाईंच्या वाट्याची ज्वारी बुरशीने काळी. भीमराव सांगायला आले तेव्हा म्हणाले, "माय म्हणती, ठरल्यालं हाय ते हाय." वर्षभर त्या घराने काळी, कडू भाकरी खायची असा त्याचा अर्थ होता. माप धुऱ्यावर घालायचं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो.

पाटील स्वतः गाडी हाकत आले. गाडीत पोती होती. काळ्या ज्वारीची पोती उतरली, धुरपताबाईंनी आपली पायली काढली आणि एक एक माप घालत मोजून घेतलं. मग पाटलांनी आणखी पोती उतरवली. तोंड सोडलं तर आत पांढरीशुभ्र ज्वारी. आपलं पेव, जमिनीतलं धान्याचं कोठार, उघडून काढलेली.

बाईंनी हात मागे घेतला. "ही कशाची? ठरली ती नराची. ती घेतली मी."

"घ्या वो. काळी कशी खाताल?"

"काळी का व्हईना, आमच्या हक्काची हाय. ही न्हाई लागत आमाला." त्या आता उभ्या राहिल्या होत्या आणि आवाज चढला होता. भीमराव आईकडे आणि पाटलांकडे आळीपाळीने बघत होते. मला भीती वाटली, की इतकं सगळं सांभाळून आता इथे बिनसतंय.

पाटील पोत्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणाले, "पोळ्याच्या दिशी पाच बाया अन् एक गुरुजी दिसभर राबले. सणाच्या दिशीच्या कामाला माझ्या घरी दर न्हाई, तवा जमंल तसा मी लावला. मजुरी हाय ती बाई. दान न्हाई."

धुरपताबाईंनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. पाटलांनी नजर खाली केली नाही. मग त्या वाकल्या आणि पांढऱ्या ज्वारीत पायली घातली. त्या चार बायकांची मापं आधी वेगळी काढली, मग भीमरावांचं आणि शेवटी आपलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी धुळीच्या नावावर पुसलं.

पाटील गाडीवर चढायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा जरा. तपासणी साहेब म्हणले, ज्या वावरात ज्वारीचा दाना सांडला त्यात पुढल्या साली बियाचा प्लाट जमत न्हाई. खरं का?"

"खरं हाय. सांडल्यालं उगवतंय अन् भेसळ व्हती. म्हणूनशान म्या तिथं पुढल्या साली साधी हायब्रीड पेरायलाव, खायाची."

"माझ्या वावरात दाना भरलाच न्हाई, मंग सांडंल कुठला? पुढल्या साली माझ्या दोन एकरात प्लाट घेते मी. साहेबाला इचारलंय, व्हय म्हणलेत."

पाटलांचा एक पाय चाकावर होता, तो तिथेच राहिला.

"औंदा तुमच्यासाठी म्या ज्वारी सोडली," बाई म्हणाल्या. "पुढल्या साली तुमी सोडा."

पाटलांनी मान वळवून आपल्या रानाकडे पाहिलं. अंतर मोजत त्यांची नजर हळूहळू दूर गेली. "दोनशे मीटर म्हंजे पार माझ्या विहिरीपोतर आलं की वो बाई."

"मोजून घ्या," धुरपताबाई म्हणाल्या.

पाटील गाडीवर बसले आणि बैलांना हाक दिली.

पुढच्या पावसाळ्यात मी एका कामाने एसटीने पालमला चाललो होतो. सावरखेडीचं शिवार आलं तसा खिडकीकडे सरकलो. धुरपताबाईंच्या रानात ज्वारी गुडघाभर आली होती, चार ओळी आणि दोन ओळी, पुन्हा चार आणि दोन. आणि त्यांच्या धुऱ्यापासून पाटलांच्या विहिरीच्याही पलीकडे, जिथवर नजर गेली तिथवर, पाटलांनी तूर पेरली होती.